अन्ननलिकेचा कॅन्सर दुर्बिणीतूनच काढता येतो का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. वडील ६३ वर्षांचे, तंबाखू आणि दारू दोन्हींची जुनी सवय. गिळायला काहीच त्रास नव्हता. पोटदुखीसाठी एंडोस्कोपी केली तेव्हा अन्ननलिकेच्या मधल्या भागात लालसर चट्टा दिसला. बायोप्सीत स्क्वॅमस सेल कार्सिनोमा, म्हणजे अस्तरातल्या चपट्या पेशींचा कॅन्सर आला, सीटी स्कॅन स्वच्छ आहे. एका सर्जननी अन्ननलिका काढण्याचं ऑपरेशन सुचवलं, तर दुसऱ्या डॉक्टरांनी सांगितलं की ईएसडी करून, म्हणजे चट्टा आतून अखंड सोलून, तो दुर्बिणीतूनच निघेल. यातलं कोणाचं ऐकायचं? आणि एनबीआय, एआय, आरएफए ही जी नावं वाचनात येतात त्यांचा वडिलांना काही उपयोग आहे का?

आजच्या माहितीवर दोघांपैकी कोणालाच चूक म्हणता येणार नाही, कारण ज्या एका गोष्टीवर निर्णय अवलंबून आहे ती तुमच्या रिपोर्टमध्ये कुठेच लिहिलेली नाही. चट्टा किती खोल गेला आहे? त्याची लांबी-रुंदी, वडिलांचं वय, कॅन्सरचा प्रकार हे सगळं महत्त्वाचं आहे, पण खोलीनंतर. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत एंडोस्कोपीत जी काही खरी प्रगती झाली, ती मुख्यतः ही खोली आधी ओळखण्यात आणि तेवढाच थर अखंड सोलून काढण्यात झाली. बाकीची बरीच नावं या दोन कामांना मदत करणारी आहेत.

अन्ननलिका साधारण २५ सेंटीमीटर लांब असते आणि तिची भिंत जेमतेम काही मिलिमीटर जाड. सगळ्यांत आतला थर म्हणजे एपिथेलियम, त्याखाली लॅमिना प्रोप्रिया, त्याखाली मस्क्युलॅरिस म्युकोसी नावाची स्नायूंची बारीक पट्टी. या तिघांना मिळून म्युकोसा म्हणतात. त्याच्या खाली सबम्युकोसा आणि मग गिळलेला घास पुढे ढकलणारा जाड स्नायू. कॅन्सर म्युकोसापुरता असेल तर टी१ए, सबम्युकोसात शिरला असेल तर टी१बी. आम्ही आपसात बोलताना म्युकोसाच्या तीन थरांना एम१, एम२, एम३ म्हणतो आणि सबम्युकोसाच्या वरच्या भागाला एसएम१.

एवढ्या बारकाव्याची गरज का, तर अन्ननलिकेची रचनाच तशी आहे. मोठ्या आतड्याच्या म्युकोसात लसिकावाहिन्या, म्हणजे कॅन्सरच्या पेशी लसिकागाठींपर्यंत नेऊ शकणाऱ्या सूक्ष्म नळ्या, जवळजवळ नसतात, त्यामुळे तिथला म्युकोसापुरता कॅन्सर सहसा पसरत नाही. अन्ननलिकेत मात्र लॅमिना प्रोप्रियापासूनच लसिकावाहिन्या सुरू होतात, सबम्युकोसात त्यांचं दाट जाळं असतं आणि ते नळीच्या लांबीच्या दिशेने वर-खाली पसरलेलं असतं. म्हणून छातीच्या मध्यावरच्या छोट्या चट्ट्याच्या पेशी मानेतल्या किंवा जठराजवळच्या लसिकागाठींमध्येही सापडू शकतात. स्क्वॅमस कॅन्सर एम१ किंवा एम२ पर्यंतच असेल तर गाठींमध्ये पसरण्याची शक्यता नगण्य असते. एम३ आणि एसएम१ ला ती शेकडा १० च्या आसपास जाते. सबम्युकोसात खोल गेला की शेकडा २५ ते ४५ पर्यंत. इथे एसएम१ म्हणजे सबम्युकोसात जास्तीत जास्त २०० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा पाचवा हिस्सा. ऑपरेशन करायचं की दुर्बिणीवर भागवायचं, हे कधी कधी एवढ्या अंतरावर ठरतं.

यावरून सीटी स्कॅनबद्दलही लक्षात येईल. सीटीला एवढे बारीक थर दिसतच नाहीत. तो स्वच्छ आहे म्हणजे मोठ्या झालेल्या लसिकागाठी नाहीत आणि लांब कुठे पसरलेलं दिसत नाही, इतकंच. चट्ट्याच्या खोलीबद्दल सीटीचं मत विचारात घेऊ नका.

आता खोली ओळखायची कशी. साध्या पांढऱ्या प्रकाशात अनुभवी डोळ्याला अंदाज येतो. चट्टा सपाट आहे की मध्ये खड्डा किंवा उंचवटा आहे, हवा भरल्यावर आणि काढल्यावर त्याचा आकार बदलतो का, की तो भाग ताठच राहतो, हे पाहिलं जातं. पण मोठा फरक पडला तो एनबीआयमुळे, म्हणजे नॅरो बँड इमेजिंगमुळे. यात पूर्ण पांढऱ्या प्रकाशाऐवजी ४१५ आणि ५४० नॅनोमीटरच्या आसपासचे दोनच अरुंद पट्टे वापरतात. रक्तातलं हिमोग्लोबिन नेमका हाच प्रकाश शोषतं, त्यामुळे पृष्ठभागाजवळच्या सूक्ष्म रक्तवाहिन्या तपकिरी रंगात उठून दिसतात. कॅन्सरच्या जागी या वाहिन्या वाढलेल्या, वाकड्यातिकड्या झालेल्या असतात, म्हणून तो सगळा भागच तपकिरी डागासारखा दिसतो. २०१० साली जपानमधल्या एका मोठ्या तुलनात्मक अभ्यासात अन्ननलिकेतले वरवरचे कॅन्सर पांढऱ्या प्रकाशात शेकडा ५५ सापडले आणि एनबीआयमध्ये ९७. तपासणीच्या जगात एवढा फरक फार क्वचित पाहायला मिळतो. इतर कंपन्यांचे बीएलआय, आय-स्कॅन असे प्रकार आहेत. तत्त्व किंवा प्रक्रिया थोडी वेगळी असली तरी हेतू तोच.

एनबीआयला मॅग्निफिकेशनची, म्हणजे ८०-१०० पट मोठं दाखवणाऱ्या दुर्बिणीची जोड मिळाली की एपिथेलियमच्या टोकाशी येणारे रक्तवाहिन्यांचे फास एकेक करून पाहता येतात. त्यांना आयपीसीएल म्हणतात. जपानी वर्गीकरणात हे फास शिल्लक असतील, पण फुगलेले आणि वेडेवाकडे असतील, तर बी१: बहुधा एम१ किंवा एम२. फास मोडून वाहिन्या लांबट, सरळसर झाल्या असतील तर बी२: बहुधा एम३ किंवा एसएम१. फारच जाड वाहिन्या दिसल्या तर बी३: खोल सबम्युकोसा. बी१ आणि बी३ वर बराच भरवसा ठेवता येतो. अंदाज सर्वांत जास्त चुकतो तो बी२ ला, आणि अडचण अशी की निर्णय सर्वांत नाजूक असतो तोही तिथेच. वडिलांच्या तपासणीत मॅग्निफिकेशन वापरलं होतं का आणि कोणता प्रकार दिसला, हे दुसऱ्या डॉक्टरांना जरूर विचारा. ‘बी१ दिसतोय’ असं उत्तर आलं तर त्यांच्या सल्ल्याला बळकट आधार आहे.

चट्ट्याच्या कडा नेमक्या कुठे संपतात हे पाहायला आजही ल्युगॉल आयोडिनसारखं साधन नाही. निरोगी स्क्वॅमस पेशींमध्ये ग्लायकोजेन असतं, आयोडिन लागलं की त्या गडद तपकिरी होतात. कॅन्सरच्या पेशींमध्ये ते नसतं, तो भाग फिका राहतो आणि दोन-तीन मिनिटांत गुलाबी पडतो. औषध जुनं आणि स्वस्त आहे, म्हणून त्याला कमी लेखू नका. त्याने छातीत आग होते हे खरं, पण शेवटी सोडियम थायोसल्फेट फवारलं की बरीच कमी होते. आयोडिन मारल्यावर अन्ननलिकेत एकाच जागी फिका डाग आहे की बिबट्याच्या कातडीसारखे अनेक ठिपके आहेत, हेही महत्त्वाचं असतं. ठिपके अनेक असतील तर तंबाखू आणि दारूने सगळं अस्तरच बिघडवलेलं आहे आणि पुढे दुसरीकडे कॅन्सर उगवण्याची शक्यता जास्त आहे, असं समजायचं. याच कारणासाठी तोंड, घसा आणि स्वरयंत्राभोवतीचा भाग पाहून घेणं वडिलांसाठी आवश्यक आहे. या भागांतले कॅन्सर आणि अन्ननलिकेचा कॅन्सर पुष्कळदा जोडीने आढळतात.

थोडं विषयांतर, पण मला ते गरजेचं वाटतं. एवढी साधनं असूनही कॅन्सर नजरेतून सुटतात. वेगवेगळ्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला तर अन्ननलिका आणि जठराच्या कॅन्सरच्या रुग्णांपैकी शेकडा ११ जणांची निदानाआधीच्या तीन वर्षांत एंडोस्कोपी झालेली होती आणि तिच्यात काही सापडलं नव्हतं. कारणं बहुतेक वेळा साधी असतात. लाळ आणि फेस धुतलेला नसतो. घशातून दुर्बीण आत सरकताना अन्ननलिकेचा सुरुवातीचा भाग झपकन मागे पडतो आणि बाहेर येताना तो नीट पाहिला जात नाही. किंवा घाई असते. तपासणीआधी फेस आणि चिकट लाळ घालवणारं सिमेथिकोन आणि एन-ॲसिटिलसिस्टीनचं पाणी प्यायला देणं, दुर्बिणीच्या टोकाला पारदर्शक टोपी लावणं, पचनमार्गाच्या वरच्या भागाच्या पूर्ण तपासणीला किमान सात मिनिटं देणं, या गोष्टींना कोणी ‘ॲडव्हान्स’ म्हणत नाही. माझ्या मते निम्मी प्रगती यातच आहे.

एआयबद्दलही इथेच सांगतो. संगणक चालू चित्रावर संशयास्पद जागेभोवती चौकट काढून दाखवतो, आणि चांगल्या प्रणाली खरोखरच बारीक बदल टिपतात. कमी अनुभव असलेल्या डॉक्टरला त्याचा फायदा जास्त. पण जो भाग कॅमेऱ्यासमोर आलाच नाही किंवा फेसाखाली झाकला गेला, तिथे एआय काय करणार? वडिलांचा चट्टा तर सापडलेलाच आहे, त्यामुळे त्यांच्यासाठी एआय असलेलं केंद्र शोधत फिरण्याची गरज नाही.

एंडोस्कोपिक अल्ट्रासाऊंड, म्हणजे ईयूएस, अनेकदा आपोआपच लिहून दिला जातो. दुर्बिणीच्या टोकावरच्या सोनोग्राफीने भिंतीचे पाच थर दिसतात आणि शेजारच्या लसिकागाठीतून सुईने पेशीही घेता येतात. कॅन्सरची गाठ मोठी असेल, ती स्नायूत शिरल्याची शंका असेल, लसिकागाठी सुजलेल्या असतील, तेव्हा ही तपासणी फार मोलाची. एम२ आणि एसएम१ मधला फरक ओळखायला मात्र ती कमी पडते. नुसत्या ईयूएसवर ‘टी१बी आहे’ असं लिहून आलं तर तेवढ्या एका कारणाने दुर्बिणीचा पर्याय सोडून देऊ नका.

म्हणजे वरून कितीही पाहिलं तरी खोलीचा अंदाजच येतो. नक्की उत्तर सूक्ष्मदर्शकाखाली मिळतं, आणि बायोप्सीच्या चिमटीत येणाऱ्या दोन मिलिमीटरच्या तुकड्यात ते नसतं. त्यासाठी चट्टा सबम्युकोसासकट अखंड काढावा लागतो. ईएसडी हा उपचार तर आहेच, शिवाय ती सर्वांत मोठी आणि सर्वांत खरी बायोप्सीही आहे. वरवरचा दिसणारा चट्टा असेल तेव्हा माझा कल आधी ईएसडी आणि मग पुढचा निर्णय, असा असतो. ईएसडीनंतरही ऑपरेशनचा मार्ग खुला राहतो. आधीच अन्ननलिका काढली आणि नंतर कळलं की कॅन्सर एम२ पुरताच होता, तर मात्र परतीची वाट नाही.

ईएसडीच्या आधी ईएमआर होती, आणि आजही आहे. चट्ट्याखाली पाणी टोचून तो उचलायचा किंवा टोपीत ओढून घ्यायचा आणि तारेच्या फासाने कापायचा. लहान चट्ट्याला ती उत्तम आणि झटपट होते. पण स्क्वॅमस चट्टा एक सेंटीमीटरपेक्षा मोठा असला की तो तुकड्यातुकड्याने निघण्याची भीती असते, मग कडा मोकळ्या आहेत की नाहीत हे पॅथॉलॉजिस्टला सांगता येत नाही. जपानमध्ये १९९० च्या दशकाच्या अखेरीस आधी जठरासाठी आणि मग अन्ननलिकेसाठी ईएसडी आकाराला आली ती या अडचणीतून. स्क्वॅमस कॅन्सरला बहुतेक वेळा तिलाच पसंती असते.

प्रत्यक्षात काय होतं ते सांगतो, म्हणजे ‘दुर्बिणीतून’ या शब्दाने ती किरकोळ गोष्ट वाटणार नाही. रुग्णाला पूर्ण भूल किंवा खोल गुंगी देतात. आयोडिनने कडा ठरवून चट्ट्याच्या थोडं बाहेर ठिपक्यांच्या खुणा करतात. सबम्युकोसात हायलुरोनिक ॲसिडसारखा दाट द्रव निळा रंग मिसळून टोचतात. थर फुगून वर येतो आणि खालच्या स्नायूपासून सुरक्षित अंतर मिळतं. मग दीड-दोन मिलिमीटर टोकाच्या विजेच्या सुरीने भोवताली कापत जायचं आणि निळ्या थरातून चट्टा सोलत आणायचा. वाटेत येणारी प्रत्येक रक्तवाहिनी आधी शेकून बंद करायची. जागा अरुंद, शेजारी धडधडणारं हृदय, श्वासागणिक हलणारी नळी, आणि स्नायूच्या बाहेर आतड्यासारखं सिरोसाचं आवरण नाही. भोक पडलं तर हवा थेट छातीच्या मध्यभागी जाते. म्हणून हवेऐवजी कार्बन डायऑक्साइड वापरतात, कारण तो शरीरात लवकर शोषला जातो. सोललेल्या कडेला क्लिप लावून धाग्याने हलकं ओढून धरण्याची युक्ती गेल्या काही वर्षांत रुळली. ती दिसायला अगदी साधी आहे, पण जपानमधल्या एका तुलनात्मक चाचणीत तिने सरासरी वेळ साधारण ६० मिनिटांवरून ४५ वर आणला. अनुभवी केंद्रांत भोक पडण्याचं प्रमाण शेकडा ५ च्या आत असतं आणि बहुतेक भोकं तिथल्या तिथे क्लिप लावून बंद होतात.

काढलेला तुकडा ताणून, टाचण्या लावून सपाट बसवतात आणि मगच फॉर्मॅलिनमध्ये ठेवतात. पॅथॉलॉजिस्ट त्याच्या दोन-तीन मिलिमीटरच्या पट्ट्या करून प्रत्येक पट्टी तपासतो. हा भाग ढिसाळ झाला तर एवढ्या मेहनतीची सुरी वाया जाते. तुकडा गुंडाळलेल्या अवस्थेत बाटलीत गेला की खोली मोजता येत नाही.

या रिपोर्टवर पुढचं सगळं ठरतं. चट्टा अखंड निघाला, बाजूच्या आणि खालच्या कडा मोकळ्या, खोली एम२ पर्यंत, लसिकावाहिन्यांत किंवा रक्तवाहिन्यांत पेशी शिरलेल्या नाहीत आणि पेशी फार बिघडलेल्या जातीच्या नाहीत, अशी स्थिती असेल तर उपचार संपला. खोली एम३ किंवा एसएम१ आणि बाकी सगळं चांगलं, तर वय, इतर आजार आणि रुग्णाची इच्छा पाहून चर्चा करायची. अनेक जण बारकाईने लक्ष ठेवण्याचा मार्ग घेतात. खोल सबम्युकोसा किंवा वाहिन्यांत पेशी दिसल्या तर मात्र पुढचा उपचार हवाच. तो ऑपरेशनच असेल असं नाही. जपानमधल्या एका बहुकेंद्री अभ्यासात टी१बी कॅन्सर आधी दुर्बिणीने काढून, गरजेप्रमाणे केमोथेरपी आणि रेडिएशन एकत्र दिलं गेलं. तीन वर्षांनी शेकडा ९० च्या आसपास रुग्ण हयात होते. ज्यांना मोठं ऑपरेशन झेपणार नाही त्यांच्यासाठी हा फार मोठा दिलासा आहे. खालची कडच कॅन्सरने भरलेली निघाली तर त्या चट्ट्यासाठी ईएसडी पुरेशी नव्हती असा अर्थ, आणि तेव्हा तुमच्या सर्जनचा सल्ला पुढे येतो.

ईएसडीनंतरचा खरा त्रास म्हणजे अन्ननलिका आकसणं. जखम परिघाच्या तीन चतुर्थांशाहून जास्त असेल तर काही प्रतिबंध न केल्यास बहुतेकांची नळी आक्रसते आणि घास अडकू लागतो. पूर्वी मग महिनोन्‌महिने फुग्याने रुंद करत बसावं लागे. आता जखमेच्या तळाशी ट्रायॲम्सिनोलोन हे स्टेरॉइड टोचतात किंवा काही आठवडे प्रेडनिसोलोनच्या गोळ्या उतरत्या मात्रेत देतात, त्यामुळे हे प्रमाण बरंच खाली आलं आहे. वडिलांना मधुमेह असेल तर स्टेरॉइडचा मुद्दा आधीच बोलून घ्या. चट्टा परिघाचा किती भाग व्यापतो हेही विचारा. पूर्ण गोल चट्टा काढायचा असेल तर हिशेब बदलतो.

आता राहिलेली नावं. आरएफए, म्हणजे रेडिओफ्रीक्वेन्सी ॲब्लेशन, वडिलांसाठी नाही. ते बॅरेट्स इसोफॅगससाठी आहे. वर्षानुवर्षं जठरातलं आम्ल वर येत राहिलं की अन्ननलिकेच्या खालच्या टोकाचं अस्तर बदलून आतड्यासारखं होतं आणि त्यात पुढे ॲडिनोकार्सिनोमा होऊ शकतो. हा वेगळा प्रकार आहे, लठ्ठपणा आणि आम्लपित्ताशी जोडलेला. नुसतं बॅरेट्स असेल तर कॅन्सर होण्याचं प्रमाण वर्षाला हजारात तीनच्या आसपास, म्हणून फक्त ठरावीक अंतराने तपासणी. डिस्प्लेसिया, म्हणजे पेशींमध्ये कॅन्सरच्या दिशेने झालेला बिघाड, दिसला की चित्र बदलतं. त्यात उंचवटा किंवा खड्डा असेल तो आधी ईएमआर किंवा ईएसडीने काढायचा, मग उरलेलं सपाट बॅरेट्स अस्तर उष्णतेने जाळायचं. हा क्रम उलटा करू नये, कारण जाळलेल्या भागाचा तुकडा तपासायला उरत नाही. आरएफएचा पुरावा भक्कम आहे. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या युरोपातल्या चाचणीत कमी दर्जाचा डिस्प्लेसिया असलेल्या रुग्णांवर फक्त लक्ष ठेवलं तेव्हा शेकडा २६.५ जणांचा आजार उच्च दर्जाच्या डिस्प्लेसियापर्यंत किंवा कॅन्सरपर्यंत पुढे गेला, आणि आरएफए केल्यावर १.५ जणांचाच. स्क्वॅमस प्रकारात असं जाळून टाकणं मी टाळतो. तिथे खोली कळणं हाच मुद्दा आहे आणि जाळल्यावर तीच माहिती जाते.

या ॲडिनोकार्सिनोमात खोलीची सूट थोडी जास्त मिळते. बाकी लक्षणं चांगली असतील तर सबम्युकोसात ५०० मायक्रॉनपर्यंत गेलेला कॅन्सरही दुर्बिणीवर भागू शकतो. दोन प्रकारांचे आकडे एकमेकांत मिसळू नका. वाचलेली माहिती नेमकी कोणत्या प्रकाराची आहे हे आधी पाहा.

दोरीला बांधलेल्या कॅप्सूलमधल्या स्पंजबद्दलही तुम्ही कदाचित वाचलं असेल. कॅप्सूल जठरात विरघळते, स्पंज उलगडतो, दोरीने वर ओढताना तो अन्ननलिकेच्या पेशी खरवडून आणतो आणि त्यात टीएफएफ३ नावाचं प्रथिन शोधतात. २०२० मध्ये ब्रिटनमधल्या मोठ्या चाचणीत नेहमीच्या पद्धतीपेक्षा दहापट जास्त बॅरेट्स यातून सापडलं. एंडोस्कोपी कोणाची करायची हे निवडायला ते चांगलं साधन आहे. निदान झालेल्या माणसाला त्याचा उपयोग नाही.

हे सगळं वाचणाऱ्या इतरांसाठी एक अप्रिय गोष्टही सांगायला हवी. तुमच्या वडिलांसारखे रुग्ण अल्पसंख्य आहेत. अन्ननलिका लवचिक असते, पोकळी साधारण १३ मिलिमीटरच्या खाली येईपर्यंत घट्ट घाससुद्धा अडकत नाही. म्हणून ‘घास अडकतो’ ही तक्रार घेऊन येणाऱ्या बहुतेकांमध्ये आजार स्नायूपर्यंत किंवा त्यापलीकडे गेलेला असतो. जगभरात २०२२ मध्ये या कॅन्सरचे सुमारे ५ लाख ११ हजार नवे रुग्ण आणि सुमारे ४ लाख ४५ हजार मृत्यू नोंदले गेले. हे दोन आकडे एवढे जवळ असण्याचं मोठं कारण उशिरा होणारं निदान हेच. अशा टप्प्यावर दुर्बिणीचं काम वेगळं असतं. आजार बरा होण्यापलीकडे गेला असेल तर आपोआप उलगडणारा धातूचा स्टेंट बसवतात, आणि एक-दोन दिवसांत पातळ-मऊ अन्न जाऊ लागतं. श्वासनलिकेशी भोक झालं असेल तर आवरण असलेला स्टेंट ते झाकतो. स्टेंट सरकतो, टोकाला गाठ वाढते, छातीत दुखतं, खालच्या टोकाशी बसवला तर आम्ल वर येतं, हे सगळं होऊ शकतं. ज्यांच्याकडे जास्त महिने आहेत असं दिसतं, त्यांना आतून दिलेलं रेडिएशन, म्हणजे ब्रॅकीथेरपी, उशिरा पण अधिक टिकाऊ आराम देते. २००४ सालच्या दोन्हींची तुलना करणाऱ्या अभ्यासात हेच दिसलं होतं. ऑपरेशन होणार असलेल्या रुग्णाला केवळ तोवर खाता यावं म्हणून स्टेंट घालणं मला पटत नाही. तिथे नाकातून किंवा लहान आतड्यात नळी टाकून पोषण देणं बरं.

मधल्या टप्प्यातही एंडोस्कोपीचं वजन वाढतं आहे. केमोथेरपी आणि रेडिएशननंतर गाठ पूर्ण विरघळलेली दिसली तर लगेच ऑपरेशन करायचं की नियमित तपासणी करत राहायचं, यावर नेदरलँड्समध्ये सॅनो नावाची चाचणी झाली. दोन वर्षांनी हयात रुग्णांचं प्रमाण लक्ष ठेवलेल्या गटात शेकडा ७४ आणि ऑपरेशनच्या गटात ७१, म्हणजे व्यवहारात सारखंच. अट अशी की तपासणी काटेकोर हवी: जुन्या जागी एकाच ठिकाणी बायोप्सीवर बायोप्सी घेत खोल जाणं, ईयूएस, संशयित लसिकागाठीतून सुईने पेशी. लक्ष ठेवलेल्यांपैकी बऱ्याच जणांत आजार परत डोकावतो आणि तेव्हा ऑपरेशन करावं लागतं, त्यामुळे हा मार्ग शिस्तीने येणाऱ्या रुग्णांसाठीच आहे.

तर आता वडिलांचं. आधीच्या तपासणीचे फोटो किंवा व्हिडिओ आणि बायोप्सीच्या स्लाइड ताब्यात घ्या. ईएसडी नियमितपणे करणाऱ्या केंद्रात एनबीआय, मॅग्निफिकेशन आणि आयोडिनसह एकदा पुन्हा तपासणी होऊ द्या. चट्ट्यातून पुन:पुन्हा बायोप्सी घेऊ देऊ नका. प्रत्येक चिमटीने खाली व्रण तयार होतो आणि नंतर थर उचलणं अवघड जातं. अन्ननलिकेच्या ईएसडी तिथे किती होतात, भोक पडलं तर छातीचे सर्जन त्याच इमारतीत आहेत का, आणि तुकडा पिनांवर बसवून देतात का, हे विचारायला संकोच करू नका. बी१ दिसला, चट्टा पूर्ण गोल नसला, तर ईएसडी करून घ्या आणि रिपोर्ट आल्यावर तो घेऊन सर्जनकडे परत जा. बी३ दिसला तर ईएसडीच्या नादी न लागता थेट सर्जन, रेडिएशन आणि केमोच्या डॉक्टरांचं एकत्रित मत घ्या. बी२ आला तर माझं मत आधी ईएसडी, पण त्यानंतर पुढचा उपचार लागू शकतो याची तयारी ठेवून.

ईएसडी यशस्वी झाली तरी सुरुवातीला दर सहा महिन्यांनी आणि पुढे वर्षातून एकदा आयोडिन किंवा एनबीआयने अन्ननलिका आणि घसा पाहावा लागेल. नवीन चट्टे दुसऱ्या जागी उगवतात, आणि लवकर सापडले की तेही तसेच काढता येतात. दारू पूर्ण सोडली तर हे प्रमाण खाली येतं, याला चांगला पुरावा आहे. तंबाखूबद्दल वेगळं सांगायला नको.

तपासणीआधी दोन गोष्टी डॉक्टरांच्या कानावर घाला: आयोडिनची ॲलर्जी किंवा थायरॉइडचा आजार आहे का, आणि रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू आहेत का. त्या गोळ्या परस्पर बंद करू नका. कधी आणि किती दिवस थांबवायच्या हे हृदयाच्या डॉक्टरांनी आणि एंडोस्कोपी करणाऱ्यांनी मिळून सांगायचं असतं.